सीमाभागातून एम.लिब. करताना: प्रवेशापासून पदवी हाती येईपर्यंत

पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा विभागाच्या फलकावर माझ्या बैठक क्रमांकापुढे गुण नव्हते. 'निकाल राखून ठेवला' एवढेच लिहिलेले होते. मी सर्व पेपर दिले होते, हजेरी पूर्ण होती, फीही भरलेली होती. चौकशी करत करत पात्रता विभागाच्या खिडकीपाशी पोहोचले तेव्हा आतल्या बाईंनी माझी फाइल उघडून विचारले, "तुमचं मायग्रेशन कुठं आहे?" मी टीसीची झेरॉक्स पुढे केली. त्या म्हणाल्या, "हे कॉलेज देतं, ताई. मायग्रेशन विद्यापीठ देतं." टीसी आणि मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र, यांतला हा फरक मला प्रवेशाच्या दिवशी कोणी सांगितला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. प्रवेशावेळी मी 'उर्वरित कागदपत्रे नंतर सादर करीन' असे हमीपत्र लिहून दिले होते आणि ते विसरून गेले होते. त्यानंतर खानापूर, बेळगाव आणि विद्यापीठ अशा खेपा घालण्यात माझे अडीच महिने गेले.

बी.ए. बेळगावात, एम.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी) महाराष्ट्रात आणि नोकरी पुन्हा कर्नाटकात, असा माझा प्रवास झाला. आता दरवर्षी जूनच्या सुमारास आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात दोन-तीन मुले-मुली हेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव या पट्ट्यातून ग्रंथालय व माहितीशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठी हे सर्व क्रमाने लिहीत आहे. शुल्क आणि तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या इथे दिलेल्या नाहीत. ज्या विद्यापीठात जाणार असाल त्याची त्या वर्षीची प्रवेश पुस्तिका आणि अभ्यासक्रमाची नियमावली या दोन्ही गोष्टी छापून जवळ ठेवा.

१. विद्यापीठ निवडण्याआधी नोकरीचे राज्य ठरवा

आपल्या भागात विद्यार्थी बहुधा अंतर पाहून विद्यापीठ निवडतो. राणी चन्नम्मा विद्यापीठ बेळगावपासून पंधरा-वीस किलोमीटरवर, महामार्गालगत भूतरामनहट्टीला आहे. धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ साधारण पाऊणशे किलोमीटरवर आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, खानापूरकरांना धारवाड जवळ. एसटीचा पास आणि खोलीचे भाडे यांचा हिशेब आवश्यकच आहे, परंतु पदवी कोणत्या राज्यात वापरायची हा प्रश्न त्याच्या आधी येतो.

महाराष्ट्राची पदवी कर्नाटकात चालत नाही, किंवा त्याच्या उलट, असा एक समज गावोगावी ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता असलेल्या विद्यापीठाची पदवी देशभर ग्राह्य असते. राज्याची सीमा आडवी येते ती इतर गोष्टींना. राज्य पात्रता परीक्षा, म्हणजे सेट, १ जून २००२ नंतर उत्तीर्ण झालेल्यांना फक्त त्या त्या राज्यातच उपयोगी पडते. कर्नाटकाच्या के-सेटवर कोल्हापूरच्या महाविद्यालयात ग्रंथपाल होता येत नाही आणि महाराष्ट्राच्या सेटवर बेळगावात होता येत नाही. नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, मात्र दोन्हीकडे चालते. जातीचा दाखला आणि त्यावर मिळणारे आरक्षण हेही राज्यापुरतेच असते. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या भरतीत, दहावीपर्यंत कन्नड न शिकलेल्या उमेदवाराला कन्नड भाषेची सक्तीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि पुढे कर्नाटकातच सरकारी नोकरी करू इच्छिणाऱ्या मुलांनी एम.लिब.च्या दोन वर्षांतच कन्नड लिहिण्याचा सराव ठेवावा. आमच्यापैकी बहुतेकांना कन्नड बोलता येते, पण लिहायची वेळ आली की हात अडतो.

सार्वजनिक ग्रंथालयांत काम करायचे असेल तर दोन्ही राज्यांची घडणही वेगळी आहे. कर्नाटकात १९६५च्या कायद्यानुसार सरकारचे स्वतंत्र सार्वजनिक ग्रंथालय खाते आहे, मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर घेतला जातो आणि कर्मचारी खात्याचे असतात. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याखाली संस्थांनी चालवलेली ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवून त्यांना अनुदान दिले जाते, त्यामुळे तिथल्या सेवकाची नेमणूक संस्थेकडून होते. सीमाभागातली आपली जुनी मराठी वाचनालये वृत्तीने महाराष्ट्रातल्या घडणीची आणि राहायला कर्नाटकात आहेत. तिथे काम करायला मिळणे आनंदाचे असले तरी पगाराची अपेक्षा बेताची ठेवावी.

२. अभ्यासक्रमाचा प्रकार तपासा

ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी दोन वाटांनी मिळते. पहिल्या वाटेने कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एक वर्षाची बी.लिब.आय.एस्सी. आणि तिच्यानंतर एक वर्षाची एम.लिब.आय.एस्सी. करता येते. दुसऱ्या वाटेने पदवीनंतर थेट दोन वर्षांच्या, चार सत्रांच्या एम.लिब.आय.एस्सी.ला प्रवेश मिळतो. घरच्या परिस्थितीमुळे मध्येच थांबावे लागण्याची शक्यता असेल तर पहिली वाट बरी, कारण एका वर्षानंतर हातात एक पूर्ण पदवी असते आणि शाळा वा सार्वजनिक ग्रंथालयांतील अनेक जागांसाठी ती पुरते. थेट दोन वर्षांचा अभ्यासक्रम सलग होतो, फेरप्रवेशाची धावपळ वाचते, परंतु पुढे काही जाहिरातींच्या अर्जात बी.लिब.च्या गुणांचा वेगळा रकाना असतो आणि तो रिकामा राहिला की छाननीत अर्ज बाजूला पडू शकतो. अशा विद्यार्थ्यांनी उत्तीर्ण झाल्यावर लगेच विभागप्रमुखांकडून 'हा दोन वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम असून यात बी.लिब. स्वतंत्रपणे दिली जात नाही' असे पत्र घेऊन ठेवावे.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांपुढे मुक्त विद्यापीठांचा पर्याय आहे. इथे तीन गोष्टी पाहाव्यात. राज्य मुक्त विद्यापीठाचे कार्यक्षेत्र त्याच्या राज्यापुरते असते, म्हणून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र महाराष्ट्राच्या हद्दीतच असणार; बेळगाव शहरात कोणी त्याचे 'केंद्र' चालवत असल्याचे सांगितले तर पावती फाडू नका. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाला असे बंधन नाही. दुसरे, ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे ना, हे यूजीसीच्या संकेतस्थळावरील यादीत स्वतः पाहा. म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाची मान्यता मध्यंतरी काही वर्षे गेली होती आणि २०१८-१९पासून ती पुन्हा मिळाली. मधल्या काळात प्रवेश घेतलेल्यांना त्याचा मोठा मनस्ताप झाला. तिसरे, २०२४पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशांसाठी विद्यार्थ्याने स्वतः डेब आयडी (दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक) काढणे सक्तीचे आहे, आणि त्यासाठी आधी शैक्षणिक श्रेयांक (क्रेडिट) पेढीचा म्हणजे एबीसीचा क्रमांक लागतो.

२०२२पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करण्यास परवानगी दिलेली आहे. मराठीत एम.ए. करत असलेली विद्यार्थिनी त्याच वेळी दूरस्थ बी.लिब. करू शकते. नियमात बसते म्हणून प्रत्येकीने करावेच असे मात्र मी सुचवणार नाही. पुस्तकांच्या वर्गीकरणाचा सराव रविवारच्या संपर्कसत्रांत पुरा होत नाही.

३. कागदपत्रे: यादी आणि तिच्यातल्या खाचा

प्रत्येक कागदाची मूळ प्रत, तीन साक्षांकित प्रती आणि स्कॅन केलेली फाइल अशी तयारी ठेवा.

- एसएसएलसी (दहावी) व पीयूसीची (बारावीची) मार्क्सकार्डे. नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख यांसाठी एसएसएलसीचे मार्क्सकार्डच प्रमाण मानले जाते.
- पदवीच्या सर्व सत्रांची मार्क्सकार्डे. फक्त शेवटच्या सत्राचे चालत नाही. एखादा विषय राहून नंतर सुटला असेल तर त्या प्रयत्नाचेही मार्क्सकार्ड लागते.
- पदवी प्रमाणपत्र, किंवा पदवीदान समारंभ झाला नसेल तर तात्पुरते पदवी प्रमाणपत्र.
- शेवटच्या कॉलेजची टीसी.
- विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र.
- जातीचा व उत्पन्नाचा दाखला. कर्नाटकात तो नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) आर.डी. क्रमांकासह मिळतो आणि तो क्रमांक ऑनलाइन अर्जात भरावा लागतो.
- आधार कार्ड आणि एबीसी क्रमांक. दोन्हींवर नाव सारखे हवे.
- पदवीनंतर वर्षे मोकळी गेली असतील तर खंडाबाबतचे प्रतिज्ञापत्र.

मायग्रेशनबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त मुले इथेच अडकतात. मायग्रेशन कोणत्या विद्यापीठाकडून घ्यायचे हे पदवी कोणी दिली यावर ठरते, कॉलेज कुठे आहे यावर नाही. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली स्थापन झाले. त्याआधी बेळगावची कॉलेजे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणून ज्यांनी जुन्या काळी बेळगावात बी.ए. केले आणि आता चाळिशीत एम.लिब.ला बसायचे ठरवले, त्यांना मायग्रेशनसाठी धारवाडला जावे लागते. निपाणीची गंमत याहून वेगळी आहे. निपाणीला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद कॉलेज महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात येते आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. निपाणीत राहून रोज चालत कॉलेजला गेलेल्या मुलीची पदवी त्यामुळे परराज्याच्या विद्यापीठाची ठरते. तिने भूतरामनहट्टीला प्रवेश घेतला तर तिला मायग्रेशन आणि पात्रता प्रमाणपत्र दोन्ही लागतील, आणि कोल्हापूरला घेतला तर मायग्रेशनचा प्रश्नच येत नाही.

आरक्षणाचा घोळही असाच आहे. मराठा समाज कर्नाटकाच्या मागासवर्गीय यादीत ३ बी प्रवर्गात येतो. हा दाखला कर्नाटकातल्या प्रवेशासाठी उपयोगी आहे. महाराष्ट्रात त्यावर आरक्षण मागता येत नाही. केंद्राची ओबीसी यादी ही आणखी तिसरी यादी, आणि नेटच्या अर्जात तीच धरली जाते. राज्याचा दाखला पाहून केंद्राच्या अर्जात ओबीसीवर खूण करणाऱ्यांचे अर्ज पुढे पडताळणीत अडकतात.

महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाच्या काही प्रवेशांत वेगळी तरतूद असते. तंत्रशिक्षणाच्या प्रवेशांत त्यासाठी गाव वादग्रस्त सीमाभागात असल्याचा एक आणि मातृभाषा मराठी असल्याचा एक असे दोन दाखले मागितले जातात. तुमच्या अभ्यासक्रमाला अशी तरतूद आहे का, हे त्या वर्षीच्या प्रवेश पुस्तिकेत पाहा आणि असल्यास कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला चालेल हे अर्ज भरण्यापूर्वी लेखी विचारा.

४. नाव एकसारखे करून घ्या

ही बाब किरकोळ वाटते. कर्नाटकातल्या मार्क्सकार्डांवर कधी स्वतःचे नाव आधी आणि आडनाव शेवटी असते, तर कधी आडनाव नुसते आद्याक्षर होऊन बसते. महाराष्ट्रात आडनाव आधी, मग स्वतःचे आणि मग वडिलांचे नाव लिहितात. त्यातच कन्नडमधून इंग्रजीत गेलेले स्पेलिंग आणि मराठीतून गेलेले स्पेलिंग जुळत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत हा गुंता दुप्पट होतो. प्रवेश अर्जात एसएसएलसीवरचे नाव अक्षरशः तसेच भरा, आधारवरील नाव त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या आणि लग्नानंतरचे नाव वापरायचेच असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र व प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी जोडा. पदवी प्रमाणपत्र छापून आल्यावर नावात दुरुस्ती करायला फार वेळ जातो. गावाच्या नावाबाबत एवढी चिंता नको. १ नोव्हेंबर २०१४पासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले आहे आणि जुन्या कागदांवर जुने नाव असल्याने सहसा कोणी अडवत नाही.

५. अर्ज, प्रवेश आणि पात्रता

कर्नाटकातील सरकारी विद्यापीठांचे प्रवेश, परीक्षा अर्ज आणि शुल्क हे यूयूसीएमएस या एकाच प्रणालीतून चालतात. तिथला नोंदणी क्रमांक आणि पासवर्ड सायबर कॅफेवाल्याच्या वहीत न ठेवता स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, आणि मोबाइल क्रमांकही स्वतःचाच द्या. मागील वर्षी आमच्याकडच्या एका विद्यार्थ्याने दुकानदाराचा क्रमांक दिला होता; परीक्षा अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुकान बंद, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि हा बाहेर पायरीवर बसलेला.

परराज्यातून आलेल्या विद्यार्थ्याचा प्रवेश सुरुवातीला तात्पुरता असतो. पात्रता विभाग मूळ कागद तपासून पात्रता प्रमाणपत्र देतो, त्यानंतर तो कायम होतो. विभागातल्या लिपिकाने कागद घेतले म्हणजे ते पात्रता विभागात पोहोचले असे समजू नका. कागद दिल्याची पोच घ्या, तिच्यावर तारीख टाकून घ्या आणि पहिल्या सत्राच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी एकदा पात्रता विभागात स्वतः जाऊन या. माझ्याकडे पोच नव्हती, कारण पोच घेण्यासारखे मी काही दिलेच नव्हते.

मायग्रेशनची मूळ प्रत एकदा जमा झाली की परत मिळत नाही, म्हणून तिची स्कॅन प्रत आधीच करून ठेवा.

६. श्रेयांक, हजेरी आणि अंतर्गत गुण

श्रेयांक पद्धतीत विषय तीन गटांत पडतात. मुख्य विषय सर्वांना सक्तीचे असतात; ऐच्छिक विषय विभागाने दिलेल्या यादीतून निवडायचे असतात; आणि ओपन इलेक्टिव्ह हा दुसऱ्या विभागातून घ्यायचा विषय असतो. पदवीसाठी ठरलेले एकूण श्रेयांक तर पूर्ण व्हावेच लागतात, शिवाय प्रत्येक गटातले किमान श्रेयांकही व्हावे लागतात. ओपन इलेक्टिव्हचे गुण काही विद्यापीठांत सरासरीत धरतात आणि काही ठिकाणी धरत नाहीत; ते नियमावलीत पाहूनच विषय निवडा. मराठी विभागाचा सोपा वाटणारा विषय अनेकांना खुणावतो. संगणकशास्त्र विभागात डेटाबेसचा विषय मिळत असेल तर तो घ्यावा, असा माझा आग्रह आहे, कारण पुढे कोहा हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर चालवताना तो रोज उपयोगी पडतो.

हजेरीची मर्यादा सर्वसाधारणपणे ७५ टक्के असते आणि ती विषयवार मोजली जाते. गावाहून रोज ये-जा करणारे विद्यार्थी सकाळच्या पहिल्या तासाला हमखास उशिरा पोहोचतात, आणि नेमका तोच विषय हजेरीत कमी पडतो. आजारपणाचा वैद्यकीय दाखला त्याच आठवड्यात द्यावा. सत्राच्या शेवटी दिलेल्या दाखल्याकडे कोणी विश्वासाने पाहत नाही.

अंतर्गत गुणांसाठी चाचण्या, चर्चासत्र आणि स्वाध्याय असतात. लेखी परीक्षेत पुनर्मूल्यांकन मागता येते, पण अंतर्गत गुणांत सहसा तशी सोय नसते, त्यामुळे ते विद्यापीठाकडे जाण्यापूर्वी विभागाच्या फलकावर लागतात तेव्हाच तपासून घ्या. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात स्वाध्यायांना ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के महत्त्व असते. तिथे स्वाध्याय वेळेत न दिल्यास परीक्षेत उत्तम गुण मिळूनही तो विषय अपूर्ण राहतो.

७. वर्गीकरण आणि तालिकीकरणाची प्रात्यक्षिके

या अभ्यासक्रमात नापास होणारे बहुतेक जण इथे होतात, आणि कला शाखेतून आलेल्यांना इथेच भीती वाटते. रंगनाथनांची ग्रंथालयशास्त्राची १९३१ची पाच सूत्रे पाठ होतात, ग्रंथालय कायद्यांचा पेपर वाचून जमतो. मात्र पुस्तकाचे शीर्षक पाहून अर्ध्या मिनिटात त्याचा विषयानुसार क्रमांक बांधायचा असतो तेव्हा हाताला सवयच हवी.

ड्युई दशांश वर्गीकरणातले आपल्या रोजच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. ८९१.४६ हा मराठी साहित्याचा आधारक्रमांक आहे. त्याला तक्ता ३मधील कवितेचा १ जोडला की मराठी कवितेचा ८९१.४६१ तयार होतो. कन्नड साहित्य ८९४.८१४ आणि कन्नड कविता ८९४.८१४१. बेळगावात ही दोन भाषांची माणसे एका भिंतीआड राहतात, परंतु ड्युईच्या फडताळावर मराठी इंडो-युरोपीय कुळात आणि कन्नड द्राविडी कुळात असल्यामुळे मराठीकडून कन्नडकडे जाताना वाटेत रशियन आणि अरबी ओलांडावी लागते. असे एक-एक उदाहरण आपल्या कपाटातल्या पुस्तकांवर लावून पाहिले की क्रमांक डोक्यात बसतात. मी घरी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रोज दहा शीर्षके लिहायचे आणि सकाळी विभागात जाऊन अनुक्रमणिकेत तपासायचे. अनुक्रमणिकेत शब्द सापडला म्हणजे क्रमांक मिळाला असे मात्र मानू नका. तिथून अनुसूचीत (क्रमांकांच्या मुख्य यादीत) जाऊन त्या क्रमांकाखालच्या सूचना वाचल्याशिवाय उत्तर लिहायचे नाही. नवशिक्यांचे निम्मे गुण याच एका चुकीने जातात.

कोलन वर्गीकरण या दुसऱ्या पद्धतीची सहावी आवृत्ती अजून अनेक ठिकाणी परीक्षेला असते. त्यात शीर्षकाची व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, अवकाश आणि काल अशा पाच मूलभूत पैलूंत फोड करायची आणि मग योग्य विरामचिन्हांनी जोडायची. चिन्ह चुकले तर क्रमांक बरोबर असूनही उत्तर चुकते. परीक्षेत कोणती आवृत्ती मिळणार हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या, कारण तीन खंडांच्या जुन्या ड्युईवर सराव करून परीक्षेत चार खंडांची नवी आवृत्ती हातात आली तर पाने शोधण्यातच वेळ संपतो. अनुसूचींचे संच कमी आणि विद्यार्थी जास्त अशी स्थिती जवळपास सर्वत्र असते. सकाळी विभाग उघडतो त्या वेळी गेलात तर संच मोकळे मिळतात.

तालिकीकरणात, म्हणजे पुस्तकाची नोंद तयार करताना, एएसीआर-२चे नोंदीचे नियम आणि मार्क २१चे टॅग (संगणकीय नोंदीतल्या रकान्यांचे क्रमांक) दोन्ही लागतात. १०० हा व्यक्ती-कर्त्याचा, २४५ शीर्षकाचा, ०८२ ड्युई क्रमांकाचा, ६५० विषयाचा, एवढे तरी झोपेतही सांगता यायला हवेत. नावांचा नियम सीमाभागातल्या माणसाने जास्त लक्ष देऊन वाचावा. मराठी लेखकाची नोंद आडनावाखाली होते. कन्नड लेखकाच्या नावात आडनाव नसेल तर ती त्याच्या स्वतःच्या नावाखाली होते आणि पुढचे गावाचे वा वडिलांचे आद्याक्षर मागे जाते. आपल्या वाचनालयांच्या हस्तलिखित यादींत हा घोळ पदोपदी दिसतो, आणि एकच लेखक तीन ठिकाणी सापडतो.

संगणकाच्या प्रात्यक्षिकासाठी कोहा आणि डीस्पेस ही मुक्त सॉफ्टवेअर आणि इन्फ्लिबनेटचे सोल यांपैकी विभागात जे शिकवले जाते ते तर करावेच, पण जमल्यास स्वतःच्या किंवा मित्राच्या संगणकावर उबंटू घालून कोहा एकदा बसवून पाहावे. पहिल्यांदा ते बसत नाही. तिसऱ्यांदा बसते, आणि तेव्हा जे समजलेले असते ते मुलाखतीत कामाला येते.

८. प्रकल्प अहवाल

शेवटच्या सत्रात प्रकल्प किंवा लघुप्रबंध असतो आणि अनेक ठिकाणी काही आठवड्यांचे ग्रंथालयातील प्रत्यक्ष कामही असते. विषय जवळचा निवडा. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय, खेड्यातली ग्रामपंचायतीची ग्रंथालये, मराठी-कन्नड द्विभाषिक वाचकांच्या सवयी, असे कितीतरी विषय आपल्या दारात आहेत. प्रश्नावली मराठी आणि कन्नड दोन्हीत काढा, नाहीतर उत्तरे एकाच बाजूची येतात. ग्रंथालयात काम करण्यासाठी विभागाचे पत्र घेऊन जा आणि संस्थेच्या सचिवांची लेखी परवानगी अहवालाला जोडा.

अहवालातील नक्कलतपासणी हसण्यावारी नेऊ नका. यूजीसीच्या २०१८च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास ठरावीक मुदतीत, सहा महिन्यांच्या आत, सुधारित अहवाल द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांसाठी एक वर्ष अहवाल देण्यास मनाई होते. आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. मागच्या वर्षीच्या अहवालातले 'ग्रंथालयाची व्याख्या' हे प्रकरण उचलून आपल्या अहवालात घालण्याची जुनी प्रथा आता महागात पडते. अहवाल इंग्रजीत द्यायचा की मराठीत किंवा कन्नडमध्ये चालतो, हे मार्गदर्शक ठरवत नसतात. ते नियमावलीत असते.

९. पंचावन्न टक्के

उत्तीर्ण होण्याची मर्यादा कमी असली तरी तुमची खरी मर्यादा ५५ टक्के आहे. महाविद्यालयीन ग्रंथपालपदासाठी यूजीसीच्या २०१८च्या विनियमांत पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी आणि दिव्यांगांना पाच टक्क्यांची सूट आहे. नेटसाठीही हीच अट आहे आणि तिथे अपूर्णांक वर ओढून पूर्ण केला जात नाही. चार सत्रांचे मिळून २४०० गुण धरले तर १३२० हवेत. १३१९ म्हणजे ५४.९६ टक्के, आणि ते ५५ होत नाहीत.

म्हणून दुसऱ्या सत्रानंतर बसून आपली बेरीज करा. कमी पडत असाल तर श्रेणीसुधारासाठी परीक्षा पुन्हा देता येते का, किती सत्रांत आणि किती काळाच्या आत, हे तेव्हाच विचारा. पदवी घेतल्यानंतर काही ठिकाणी ती सोय संपते. ज्यांच्या मार्क्सकार्डावर फक्त सीजीपीए (श्रेणीगुणांची सरासरी) असतो त्यांनी विद्यापीठाच्या सहीशिक्क्याचे टक्केवारी रूपांतरण प्रमाणपत्र घ्यावे. प्रत्येक विद्यापीठाचे सूत्र वेगळे असते, आणि स्वतःच दहाने गुणून अर्जात टक्के भरणे ही चूक मी छाननीच्या टेबलावर बसून अनेकदा पाहिली आहे.

१०. नेट, पीएच.डी. आणि बाहेर पडण्याची कागदपत्रे

नेटमध्ये पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, एकूण ३०० गुण आणि तीन तासांचा अवधी असतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि प्रश्न इंग्रजी व हिंदीत असतात. शेवटच्या वर्षात असतानाही बसता येते, मात्र निकालानंतर दोन वर्षांच्या आत ५५ टक्क्यांसह पदवी पूर्ण करावी लागते. एम.फिल. २०२२च्या विनियमांनी बंद झाली. तिच्यासाठी अजूनही चौकशी करणाऱ्यांनी थेट पीएच.डी.चाच विचार करावा, तिची किमान मुदत तीन वर्षांची आहे.

शेवटचा निकाल लागला की त्याच आठवड्यात तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, टीसी आणि मायग्रेशन या तिन्हींचे अर्ज एकदम द्या. लगेच कुठे प्रवेश घ्यायचा नसला तरी मायग्रेशन काढून ठेवा. पदवीदान समारंभाचा अर्ज वेगळा असतो आणि त्याची मुदत वेगळी असते. तो न भरल्यामुळे पदवी प्रमाणपत्र एक वर्ष लांबलेले मी पाहिले आहे. या सर्व अर्जांना ग्रंथालयाचा ना-देय दाखला जोडावा लागतो. माझ्या वर्गात सोळा जण होतो आणि त्या दिवशी पाच जणांचे दाखले अडकले, कारण प्रात्यक्षिकाच्या सरावासाठी नेलेली तालिकीकरणाची पुस्तके त्यांनी परत केली नव्हती. त्यांतले एक माझ्या खोलीतल्या गादीखाली सापडले.